रिकाम्या गावातले गोड पाणी

९ जानेवारी १९६३. कराडला भावाच्या घरी मी ज्वारीचे पीठ चाळत होते, तेवढ्यात तार आली. रजा अर्धी राहिली होती. तारेत एवढेच होते की परत रत्नागिरीला न येता परस्पर मालवणकडे निघावे, आसडोळच्या नळयोजनेची पाहणी करावी आणि ओव्हरसियर दातारांबरोबर अहवालावर सही करून मालवणच्या सभेत तो द्यावा. पीठ तसेच ठेवता येईना, म्हणून आधी भाकऱ्या थापल्या, मग ट्रंक भरली.

मी जिल्ह्याच्या कचेरीत मुख्य सेविका आहे. पाणी पिण्याचे असेल तर त्या कागदावर इंजिनियरच्या माणसाबरोबर माझीही सही लागते, अशी पद्धत आमच्या साहेबांनी नुकतीच घातली होती. मला ती पद्धत पटत होती आणि तिची भीतीही वाटत होती. पंप, नळ, उंची, उतार यांतले मला फारसे कळत नाही. पण एकदा नळ जमिनीत गाडले की ते वीस-तीस वर्षे निघत नाहीत, एवढे कळते. त्यात चीनशी लढाई होऊन दोन महिनेही झाले नव्हते. ज्या योजनेला या महिन्यात मंजुरी नाही तिचा पैसा परत जाणार, असे सगळीकडे बोलले जात होते. प्रवासभर माझ्या डोक्यात हेच चालले होते.

फोंडाघाट

कोल्हापूरहून एस्टीने घाट उतरले. घाटाविषयी लोक खूप लिहितात. मी खिडकीची दांडी धरून बसले होते आणि ड्रायव्हरच्या मानेकडे बघत होते, म्हणून मला लिहिण्यासारखे फार नाही. खाली फोंडाघाटला उतरल्यावर कळले की पिशवीतली तेलाची बाटली फुटून जवानांच्या स्वेटरसाठी घेतलेली खाकी लोकर भिजून गेली आहे. हॉटेलवाल्याने लोकर बघून विचारले, "ह्याची भजी तळूची काय?" मी त्याच्याकडून राखेची मूठ मागून घेतली आणि लोकर त्यात घोळवली. तेल बरेचसे निघाले.

त्या बाजारात घाटावरचा गूळ आणि कोकणातला तांदूळ एका ओळीत मांडलेले असतात. आमच्याकडे बाजारात बायका दर विचारतात, नाक मुरडतात आणि पुढे जातात. इथे बायका आधी बसतात, घरचे सगळे विचारून घेतात आणि मग दरावरून भांडतात. वेळ तेवढाच लागतो.

आसडोळ

दातार मला मालवणच्या स्टँडवर भेटले. तिशीचा, चटपटीत, सांगलीकडचा माणूस. वाटेतच त्यांनी आसडोळची हकिकत सांगितली. खाडीच्या तोंडाशी बंदर. दोन वर्षांपूर्वी होड्यांना इंजिने लागली, मागोमाग बर्फाचा कारखाना आला, मासळी न्यायला ट्रक येऊ लागले. बंदरावर पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि शाळेत पोरांना बसायला जागा उरली नाही. गाव फुगत चालले, पाणी होते तेवढेच. आता रस्ता, धक्का आणि नळ असा तिन्हींचा आराखडा एकदम व्हायचा होता. पण पाणी मिळाले तरच पुढचे दोन, असे ठरले होते.

"विहीर मी नकाशावर बघून ठेवली आहे," दातार म्हणाले. "गावाची मोठी बाव. खाडीपासून लांब आहे. मोजायचं, नमुना घ्यायचा, सही करायची. एका दिवसाचं काम."

फाट्यावर उतरून आम्ही गावात शिरलो. पहिले घर बंद होते. दुसरेही. तिसऱ्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, रांगोळी जुनी झालेली, चूल विझलेली, गोठा रिकामा. कोंबडी नाही, कुत्रे नाही. दुपारच्या वेळी एवढ्या मोठ्या गावातून धुराची एक रेघही निघत नव्हती. पटकी, देवी, सगळे माझ्या मनात येऊन गेले. मी दातारांना म्हटले, "काही शिवू नका." त्यांनी कडीवरचा हात मागे घेतला.

तेवढ्यात मागून ओरडा आला. "बाईऽ! आत जाव नकात! भायर येवा!"

फाट्याजवळच्या शेतातून एक म्हातारा धावत येत होता. जवळ येऊनही तो शिवेच्या दगडापलीकडे थांबला, आत एक पाऊल टाकीना.

"कोण मेलं?" मी विचारले.

"मरान कशाक? पळण आसा गावाची," तो धापा टाकत म्हणाला. "गाव तीन दिस देवाचो. आज दुसरो दिस. माणूस, गुरा-ढोरा, कोंबडे, सगळे भायर."

मी रत्नागिरीत चार वर्षे नोकरी करते आहे, पण गावपळण बघितली नव्हती. दर तीन वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन सबंध गाव घरदार बंद करून शिवेबाहेर जाते. तीन दिवस गावात कोणी पाऊल टाकत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो आणि मग सगळे परततात. माझ्या कराडला देवाची यात्रा असली की बाहेरची माणसे गावात येतात. इथे देवासाठी आतली माणसे बाहेर जातात.

शिवेबाहेर

शिवेबाहेरची जागा कुसगवण या शेजारच्या गावाची. कातळाखालच्या सपाटीवर माडाच्या चुडतांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, झोपड्या ओळीने उभ्या होत्या. आता तिथे सगळे होते: कुत्री, कोंबड्या, धूर, मुंबईहून मुद्दाम रजा काढून आलेले लेक, बंदरावरचे खलाशी, कोणाची तरी बाजाची पेटी. बर्फाचा कारखानाही बंद होता. त्याचा मालक एका झोपडीत बसून दर तासाला किती बर्फ वाया गेला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता आणि मध्येच पत्ते खेळत होता.

माझी सोय रखमाकाकीच्या झोपडीत झाली. काकी साठीची, खणखणीत. तिची सून शेवंती सहा महिन्यांची गरोदर होती. मी पिशवीतून भाकरी काढली. काकीने तुकडा तोंडात घातला आणि बाहेर काढून बघितला.

"बाई, ही भाकरी काय कौल गो? घरार घालूक बरी."

तिने मला उकड्या तांदळाची पेज, सुका बांगडा आणि कुळथाची पिठी वाढली. दोन घास झाल्यावर मी माझी भाकरी गुपचूप पिशवीत सरकवली. शेवंती हसली.

झोपड्यांपासून हाकेच्या अंतरावर कुसगवणकरांची विहीर होती. तिच्यावर त्यांची पोफळीची बाग जगते. एरवी आसडोळच्या बायका तिथे घागर बुडवत नाहीत. पण पळणीच्या तीन दिवसांत ती मोकळी असते. सबंध गाव, पाहुणे, गुरे, सगळे तिच्यावर. मी दुपारपासून बघत होते, रहाट थांबत नव्हता आणि पाणी खाली जात नव्हते.

"माका ह्या तीन दिसांत म्हायेराक इल्यासारख्या वाटता," शेवंती घागर उतरवत म्हणाली. "बाव दारात आणि सासू खुशीत."

"आयकलास?" काकी माझ्याकडे वळली. "तीन वर्सांत तीन दिस सासू खुशीत म्हणता. ताच खूप झाला."

"आणि एरवी पाणी कुठून आणता?" मी विचारले.

शेवंतीने डोंगराच्या दुसऱ्या अंगाला हात दाखवला. तिथे आसडोळच्या हद्दीत एक झरा आहे, पहाटे रांग लागते. गेल्या वर्षी तिथल्याच उतारावर तिचा पाय घसरून पोटातले पहिले मूल गेले. हे तिने सांगितले नाही, काकीने सांगितले, शेवंती पाण्याला गेल्यावर. "नळ इलो काय माझी सून वाचली," काकी म्हणाली. "सही कर गो बाई बेगीन, आणि जा."

गावात मोठी बाव असताना बायका झऱ्यावर का जातात, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. पण काकीने लगेच विड्याचे पान पुढे केले आणि दातारांची हाक आली.

दातार गावकारांशी वाद घालत होते. आबा गावकार हा देवळाचा मानकरी, उंच, सावकाश बोलणारा. पाहुण्यांशी तो पुस्तकी मराठी बोलत होता.

"साहेब, परवा सकाळी गाव आत जाईल. मग तुम्ही बाव मोजा, घरं मोजा."

"परवा संध्याकाळी मालवणात सभा आहे. मला कागद तयार लागतो. मी परगावचा, मला तुमचा नियम कशाला?"

"नियम गावाचा आहे. येणाऱ्याला वेगळा नाही."

दातारांनी नकाशा गुंडाळला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते दिसेनात. दिवेलागणीला खाडीच्या बाजूने परतले, पलीकडच्या गावातल्या होडीवाल्याला धरून आत जाऊन आले होते. हातात पाण्याच्या दोन बाटल्या. चेहरा फुललेला.

"बाई, चाखा. शहाळं आहे शहाळं! आणि पाणी वरपर्यंत भरलेलं. बंदर दुप्पट झालं तरी पुरेल."

मी चाखले. खरोखर गोड होते.

ही गोष्ट झोपड्यांत पसरायला वेळ लागला नाही. मला वाटले आता भांडण होणार. आबा गावकार आला, बाटल्यांकडे बघितले, एवढेच म्हणाला, "पाहुण्याने केलं, पाहुण्याचं पाप नाही." आणि निघून गेला. त्याने पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला ते बरे वाटले नाही. गावाला नळ येणार आणि गावकार पाण्याची चव विचारत नाही?

जेवताना मी काकीला सांगितले की तुमच्या बावीचे पाणी फार छान आहे.

"आज आसतलाच," काकी म्हणाली. "उद्या परत गेलंव काय पयलो हंडो देवाक. तीन दिस देवान राखलेला पानी. बायका धावत जातत बावीर."

"आणि परवा?"

"परवा काय! परवा आमचाच पानी." तिने पेजेचे भांडे पुसले. "पेजेत मीठ घालूक नको, तेवढोच फायदो."

बाव नकाशावर खाडीपासून लांब होती, पण जमिनीखालून नव्हती. वरचे पावसाचे गोड पाणी, खालून खाडीचे खारे. विहीर तीन दिवस कोणी ढवळली नाही तर गोड वर राहणार. उपसा सुरू झाला की खारे वर येणार. दातारांनी बाव नेमकी त्या तीन दिवसांत तपासली होती ज्या दिवसांत गावातले एकही माणूस तिच्यावर नसते.

"काकी, हे कोणी सांगितलं का नाही ओव्हरसियरना?"

"कोणी इचारल्यान?" काकी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "आणि सांगला तर नळ येतलो?"

बाव

परतायच्या सकाळी कौल मिळाला, ढोल वाजले आणि अख्खे गाव शिवेवरून आत धावले. गुरे पुढे, पोरे मागे. कुलुपे उघडली, खळी शेणाने सारवली गेली, सगळीकडे एकदम धूर निघाला. मला ते दृश्य बघत बसावेसे वाटले होते. मी बावीवर गेले.

बायकांची झुंबड होती. पहिल्या हंड्याचे पाणी मी मागून घेतले, गोडच. बंदरावरच्या खोल्यांतूनही घागरी आल्या, कारखान्याने बर्फासाठी पिंपे भरून नेली. मी दर थोड्या वेळाने ओंजळभर पाणी मागत होते. बायकांना त्याची गंमत वाटू लागली.

"बाईक तान लागली काय केवढी!"

"घाटार पानी मिळना नाय वाटता!"

दुपारी चव बदलली आहे की माझ्या जिभेला भास होतो आहे, ते कळेना. शेवंतीला चाखायला दिले. तिने खांदे उडवले. तीनच्या सुमारास शंका उरली नाही. पाणी मचूळ होते. सूर्य कलला तेव्हा मी ते तोंडातून थुंकले.

दातार शाळेत अहवालाची शेवटची ओळ लिहीत होते. सभेला निघायची त्यांची घाई. मी तांब्या पुढे केला. त्यांनी घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"बाटलीतलं पाणी त्याच विहिरीचं आहे," ते म्हणाले. "मी खोटं काही लिहिलं नाही."

"नाही लिहिलं."

"मग सही करा. नळ आला की पुढे काही करता येईल. दुसरी विहीर खणू, गाळणी लावू. योजना परत गेली तर काहीच नाही. रस्ता नाही, धक्का नाही. तुम्हाला हे गाव असंच ठेवायचंय?"

हा प्रश्न मी स्वतःलाच दुपारपासून विचारत होते. मी म्हटले, "सभा कशी लांबवायची ते तुम्ही बघा. पाणी कुठलं ते मी बघते." ते सायकल घेऊन फाट्याकडे गेले. सभा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबवतो, सकाळच्या बसने कागद घेऊन या, असा निरोप ट्रकवाल्याबरोबर आला तेव्हा दिवे लागले होते. कागद माझ्या ट्रंकेत होता, त्यांची सही झालेला.

मी आबा गावकाराच्या खळ्यात गेले. चांगले पाणी कुठे आहे हे मला तोवर दिसले होते. ज्या विहिरीवर सबंध गाव, पाहुणे आणि गुरे तीन दिवस जगली आणि जी हातभरही खाली गेली नाही, तिच्याएवढी तपासलेली विहीर तालुक्यात दुसरी नसेल. ती कुसगवणची होती.

"त्यांच्याकडे मागा," मी म्हटले.

 आबाचे पुस्तकी मराठी गळून पडले.

"बाई, तुमका कळाचा नाय. आमी देवाच्या नावान भायर पडतो, ते देवाच्या नावान जागा दितत, पानी दितत. कोण कोणाक उपकार म्हणत नाय. आता आमी थंय जावन सांगूचा, तीन दिसांचा ऱ्हवांदे, कायमचा द्या? बंदरार रोज नवीन माणूस येता, तेंच्या पोफळी सुकतल्यो. आणि पुढच्या पळणीक आमका शिवेर कोण उभो करतलो?"

"म्हणून खारं पाणी नळातून आणणार?"

"नळ तरी येतलो."

"शेवंती तरीही झऱ्यावरच जाईल."

त्याने मान खाली घातली. शेवंती त्याची पुतणसून लागते, हे मला मागाहून कळले. "मी मागूचंय नाय," तो म्हणाला. "माझ्या तोंडान ता होवचा नाय."

काकीला मी सगळे सरळ सांगितले: सही करणार नाही. तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि भांडी जरा जोरात आपटली. "घाटारच्यो बायो," ती भिंतीला म्हणाली, "तेंच्या भाकरीसारख्योच." तरीही अंथरूण तिने स्वतःच घातले. मला झोप लागली नाही. चूक माझी असेल तर ती या घराला भोगावी लागणार, मी तर ट्रंक उचलून जाणार, हा विचार डोक्यातून जाईना.

कुसगवण

सकाळी बस फाट्यावर आली तेव्हा मी तिथे होते. ट्रकवाल्याने आणलेल्या निरोपाला उत्तर म्हणून अहवाल कंडक्टरच्या हाती दातारांना पाठवला. माझ्या सहीच्या जागी लिहिले, 'ही विहीर गाव बाहेर असताना तपासली. गाव परतल्यावर त्याच दिवशी पाणी खारट झाले. योजना रद्द करू नये, जागा बदलावी. आठ दिवसांची मुदत हवी.' बस गेली.

मग मी शिव ओलांडून सपाटीवर चढले. चुडतांच्या झोपड्या मोडून पडल्या होत्या, चुलींची राख वाऱ्यावर उडत होती. पोफळीच्या बागेच्या वर कुसगवणच्या गावकाराचे घर. त्याला सगळे नाना म्हणतात. तो शिंपणे करत होता, पायात चिखल. मी माझे नाव आणि काम सांगितले आणि आडवळणे न घेता मागायचे ते मागितले.

नाना पाटाचे पाणी वळवत राहिला. "आबान धाडल्यान?"

"नाही. ते मागणार नाहीत. मी त्यांच्या नावाने आले नाही."

"मगे तुमी कोण मागणाऱ्यो?"

"सही माझी लागते म्हणून."

त्याने कुदळ रोवली आणि मला नीट बघून घेतले. "तुमी खंयच्यो?"

"कराडची."

"तुमच्या थंय शेजारचो गाव पानी दिता?"

"नाही," मी म्हटले. "कोर्टात जातात."

तो हसला, पण लगेच थांबला. "आणि माझ्यो पोफळी मेल्यो तर? कोर्टात मी जातलंय?"

"म्हणूनच आधी तुमच्याकडे आले. तुमच्या बागेचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलं तर नळाला. नाही उरलं तर मी परत जाते."

नानाने पायांवर पाणी घेतले, पायरीवर चढला आणि आत हाक मारली, "गोऽ, खुर्ची हाड भायर!"

मी खुर्चीत बसले आणि एका पोफळीला एका शिंपण्याला किती घागरी लागतात, ते विचारले.